सोवळ्यातले बूट

दत्ताकाका सबनीस विमानात चढताना बूट काढत. मिनेसोटातला जानेवारी, पायाखाली बर्फ, आणि हा पन्नाशीचा इंजिनिअर मोज्यांवर उभा राहून बूट पिशवीत भरतोय, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझेच पाय गारठले. चार सीटांचं ते जुनं विमान त्यांनी हौसेनं घेतलं होतं. दसऱ्याला त्याला हार घालून नाकावर हळदकुंकू वाहत. "ज्याची पूजा केली त्यात बूट घालून बसायचं?" असं म्हणून त्यांनी मलाही बूट काढायला लावले.

मी त्यांच्याच कारखान्यात नवी लागले होते. तिथे बर्फ हटवायची यंत्रं बनत. आठवडाभर काका लोकांच्या वाटेतला बर्फ हटवण्याच्या विवंचनेत असत आणि शनिवारी स्वतः त्यात घुसत. त्या संक्रांतीला आम्ही दुसऱ्या शहरातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला निघालो होतो, मांडीवर काकांच्या बायकोनं, मंदाकाकूंनी, दिलेला तिळगुळाच्या लाडवांचा डबा. चाकं अलगद टेकली. मग विमान सावकाश आडवं होत धावपट्टी सोडून गेलं आणि बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबलं.

"अगं, उतरवणं आपल्या हातात. थांबवणं त्याच्या," काका वर बोट दाखवून म्हणाले. मग लाडू फुटले का, ते विचारलं. चार फुटले होते. ते आम्ही तिथेच, मोज्यांवर उभं राहून खाल्ले.

पुढच्या हिवाळ्यात काका विमानासकट कुंपण तोडून एका गोठ्यापुढे जाऊन थांबले. गायी बघायला आल्या, हा काकांना शुभशकुन वाटला. काकूंना वाटला नाही. आता एकदा जरी घसरलात तरी विमान विकायचं, असं त्यांनी बजावलं. पाठोपाठ सरकारी पत्र आलं: तपासनिसासमोर विमान उतरवून दाखवा, नाहीतर लायसन्स जमा करा. काकांना दुसरा कसलाच नाद नव्हता. ते पत्र खिशात घेऊन फिरायचे.

तपासनीस धिप्पाड, मिशाळ गृहस्थ होता. संक्रांतीच्या अपघाताची साक्षीदार म्हणून त्यानं मला विचारलं. लहान विमान जमिनीवर पायांनीच वळवायचं आणि ब्रेकही पायांनीच मारायचा, आणि काकांचे ओले मोजे पॅडलवरून सटकतात, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. वडीलधाऱ्यांना कसं सांगायचं म्हणून वर्षभर गप्प बसले होते. आता सगळं सांगून टाकलं. काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मला रडू येत होतं.

मोजे का, असं तपासनिसानं विचारल्यावर काकांनी त्याला दसऱ्यापासून सुरुवात करून अर्धा तास समजावलं. त्यानं बराच वेळ मिशी कुरवाळली. मग जमिनीला कधीच न टेकलेले कोरे बूट विमानातच ठेवले आणि आत बसल्यावर घातले, तर तुमच्या देवाची काही हरकत आहे का, असं गंभीरपणे विचारलं.

काकांचा चेहरा उजळला. ते मराठीतच बोलले, "सोवळ्यातले बूट! अगं, हे आपल्याला सुचू नये?"

चाचणीच्या दिवशी तपासनिसानं न सांगता स्वतःचे बूट काढले. धावपट्टी काचेसारखी होती. काकांनी विमान सरळ रेषेत आणून मधोमध उभं केलं. मग सोवळ्यातले बूट काढून साधे घातले, ऐटीत खाली उतरले, घसरून पडले आणि मनगट मोडून घेतलं. तपासनीस मोज्यांवर धावत गेला. लायसन्स मात्र राहिलं आणि काकूंनी विमानही राहू दिलं, कारण विमान घसरलं नव्हतं.

त्यानंतर काका कधी घसरले नाहीत. माझ्यावर रागावलेही नाहीत. फक्त कुणी ओळख करून दिली की म्हणत, "हिनं माझं विमान वाचवलं. वर्षभर उशिरा."

ते गेले तेही हिवाळ्यातच, घरी, झोपेत. विमान विकण्याआधी आतलं सामान आणायला काकूंबरोबर मी गेले. पॅडलपाशी ते बूट नीट जोडून ठेवले होते. त्यांच्या तळांना मातीचा कण नव्हता. काकू बाहेर थंडीत उभ्या होत्या, लवकर आण म्हणत होत्या. मी बर्फात उभं राहून आधी माझे बूट काढले, आणि मग आत चढले.