टोपीवाल्यांचे पेढे

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या शेजाऱ्यांच्या नाकातून चहा आला आणि नवाकोरा सदरा गेला, म्हणून ही खबरदारी. मूर्खपणा संपूर्ण माझाच आहे, त्यामुळे मोकळेपणाने हसा.

तुम्हाला माहीतच आहे, मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. त्यात अमेरिकेची राज्यघटना तर अशी शिकवायचो, जशी काही माझ्या सख्ख्या मामाने लिहिली आहे! फळ्यावर तीन चौकोन काढायचे, मध्ये बाण. तीन सत्ता, एकमेकींवर अंकुश, कुणी कुणाच्या डोक्यावर बसायचं नाही. बाण काढताना माझा ऊर भरून यायचा. खरंच यायचा हो.

आणि निवृत्त होऊन टीव्हीपुढे बसतो, तर काय बघतो? माझ्या तीन चौकोनांचा पार चिवडा! या पक्षाने आणलेलं त्या पक्षाला चालत नाही, मग ते कितीही चांगलं असो. भांडता भांडता सरकारच बंद पाडतात! त्यात तो लाल टोप्या घातलेला लोंढा. जो उठतो तो ओरडतो, "आम्हीच खरी जनता!" अरे, मग बाकीचे काय भाडेकरू आहेत?

आपल्याकडे निदान एक सोय आहे. सकाळी ज्याला शिव्या घातल्या, तो दुपारी आपल्याच पक्षात येतो. त्यामुळे माणूस शिव्यासुद्धा जरा बेताने देतो. तिकडे ती सोय नाही.

मी टीव्हीवर खेकसायचो. आमची मंगल स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, इथे चार फुटांवर दूध उतू गेलं ते दिसलं नाही, आणि तिकडचं सिनेट बरं दिसतं!"

आता अशोक. अशोक पगारे. माझा चाळीस वर्षांचा मित्र. मूळचा इगतपुरीचा, रेल्वेतून निवृत्त झालेला, आणि आता इथे नाशिकला गंगापूर रोडला आमच्याच कॉलनीत मागच्या गल्लीत राहतो. राजकारणात तो एका टोकाला आणि मी दुसऱ्या. तरी चाळीस वर्षं, एकदा मी टायफॉईडने पडलो होतो तेवढं सोडून, प्रत्येक निवडणुकीला आम्ही मतदानाला गेलो ते एकाच स्कूटरवरून. स्कूटर माझी, मागे अशोक.

काय दिवस होते ते! जाताना असे भांडायचो, की स्कूटर रस्त्याच्या कडेला लावून भांडायचो. तो म्हणायचा, "मधू, तुझं मत मी आज खाणार." मी म्हणायचो, "आणि तुझं मी!" केंद्राबाहेर दोन्ही पक्षांची टेबलं असायची. एकदा तिथला एक कार्यकर्ता गोंधळून विचारतो, "सर, तुम्ही दोघं नक्की कुणाचे?" अशोक म्हणाला, "सर तुमचे, मी त्या टेबलाचा. पण स्कूटर एकच हाय, काय करता?"

मत टाकलं की मिसळ. बायका म्हणायच्या, तुमची मतं एकमेकांना खातात तर जाता कशाला? अहो, मिसळीसाठी! घरी बसून ती चव येते का? त्या सकाळी आठवल्या की मला अजून गलबलून येतं.

तर झालं असं. एकदा सकाळी फिरून आल्यावर टपरीवर चहा पिता पिता मी त्या टोपीवाल्यांच्या नावाने बोटं मोडत होतो. अशोक शांतपणे म्हणाला, "मधू, त्या लोकांचं बी काय दुखतंय ते ऐकायला पाहिजे. गावातला कारखाना बंद पडला की माणूस कोणाच्या बी मागं जातो. मी बघितलंय."

"म्हणजे तू त्यांचा!"

"मी कशाला त्यांचा? मी इगतपुरीचा!"

तो हसला. माझ्या डोक्यात मात्र किडा शिरला तो शिरलाच.

चार-पाच दिवसांनी मी सकाळी टीव्ही लावून बसलो होतो. तिकडे कसल्याशा मतदानात टोपीवाल्यांची सरशी झाली होती आणि ते नाचत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झालेला. नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात अशोक. हातात पेढ्यांचा बॉक्स, आणि चेहरा असा की नवरदेवच!

"मधू, आधी तोंड गोड कर!"

मी टीव्हीकडे बघितलं, पेढ्यांकडे बघितलं. म्हटलं, "अस्सं! एवढा आनंद झालाय?"

"लय! वर्षानुवर्षं वाट बघितली गड्या. रात्री आमच्या घरात कोणी झोपलं नाय."

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? जाऊ द्या, तुम्ही शहाणे आहात. तुम्ही विचारलं असतं, कशाचे पेढे?

मी विचारलं नाही. मी भाषण केलं! लोकशाही, अंकुश, तीन चौकोन, सगळं उंबऱ्यावरच. अशोक दोनदा म्हणाला, "अरे, माझं ऐकून तरी घे." मी म्हटलं, "काही ऐकायचं नाही! असल्या गटबाजांशी मी संबंध ठेवत नाही!"

त्याने बॉक्स चपलांच्या कपाटावर ठेवला आणि निघून गेला.

मी मंगलला बजावलं, "आजपासून या घरात अशोकचं नाव काढायचं नाही!" ती काहीतरी बोलायला गेली. "एक अक्षर नको!" तिने तोंड मिटलं आणि शांतपणे एक पेढा खाल्ला. मी फोन काढून अशोकला ब्लॉक केलं. बघा हं, मी गटबाजीच्या कडक विरोधात होतो. जो माझ्याइतका कडक नव्हता, त्याच्याशी बोलणंच बंद केलं होतं.

पुढचे अडीच महिने मी जी मोहीम चालवली, ती आठवली की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

नागरिकशास्त्राच्या जुन्या पुस्तकातली पानं झेरॉक्स करायची, लाल पेनने अधोरेखित करायची, खाली लिहायचं, "पुन्हा वाचा." आणि ती अशोकच्या पत्रपेटीत टाकायची. अशी अकरा पानं टाकली! रोज फिरायला जाताना त्याच्या खिडकीखाली थांबून फोनवर बोलल्याचं सोंग करायचं, मोठ्यांदा, "हो हो, माणसं विकली जातात! चाळीस वर्षांची मैत्रीसुद्धा!" फोनवर पलीकडे कुणी नसायचं.

खिडकी बंदच. म्हटलं, तोंड लपवतोय. बाल्कनीत दोरीवर कपडेही दिसेनात. म्हटलं, बघा, शरमेने कपडेसुद्धा घरात वाळवतोय!

मग आपल्या महापालिकेची निवडणूक आली. मतदानाच्या दिवशी सकाळी स्कूटर बाहेर काढली आणि मागची रिकामी सीट बघून मला कसंतरीच झालं. राग बिग सगळा विरघळला. म्हटलं, मरू दे ती अमेरिका! अशोकच्या दारात गेलो, आपला नेहमीचा हॉर्न दिला, तीन वेळा. पाच मिनिटं थांबलो. पुन्हा दिला. कुणी डोकावलंसुद्धा नाही.

झालं! पुन्हा पारा चढला. गेला वाटतं एकटाच! मीही एकटा गेलो आणि प्रभागातल्या चार जागांची चारही बटणं अशी दाबली, की यंत्राने हाय खाल्ली असेल. मिसळही एकट्याने मागवली. नुसती तिखट लागली, दुसरी कसलीच चव नाही. अर्धी टाकून घरी आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर परदेशातून व्हिडिओ कॉल. अनोळखी नंबर. मी कापणार तेवढ्यात मंगल म्हणाली, "उचला."

उचलला. पडद्यावर कानटोपी घातलेला अशोक! मागे खिडकी, खिडकीबाहेर बर्फ.

मी ओरडलो, "अरे, नाशिकला बर्फ कधी पडला?"

मंगल म्हणाली, "अमेरिकेत आहेत ते. लेकीच्या बाळंतपणाला गेलेत दोघं. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले, सातवा लागेपर्यंत तिने कुणाला सांगितलं नव्हतं, त्याचेच पेढे होते ते. शिवाय त्याच दिवशी व्हिसाही हातात पडला होता."

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तुम्हीच बजावलं होतंत. नाव काढायचं नाही, एक अक्षर नको."

म्हणजे मी अडीच महिने कुलूप लावलेल्या घराशी भांडत होतो! पत्रपेटीतली ती अकरा पानं माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली.

अशोक मात्र नेहमीसारखाच हसत होता. "मधू, नातू झाला बघ! आणि थांब, तुला दोघांना भेटवायचंय." त्याने फोन फिरवला. सोफ्यावर दोन गोरे म्हातारे, हातात आल्याचा चहा. एकाच्या डोक्यावर तीच लाल टोपी! दुसरा चष्मेवाला, त्या टोपीकडे न बघायचा आटोकाट प्रयत्न करत बसलेला.

अशोकने मराठीत समजावलं. दोघं शेजारी. पूर्वी बरोबर मासे पकडायला जायचे. मग एकाने अंगणात पक्षाची पाटी लावली, दुसऱ्याने त्याच्यापेक्षा मोठी लावली, आणि कित्येक वर्षं बोलणं बंद. अशोकने बाळाच्या निमित्ताने दोघांना एका सोफ्यावर आणलं होतं. "मी यांना सांगितलं, नाशिकला माझा मित्र हाय, चाळीस वर्षं उलट्या पक्षाचा, आणि आम्ही एका स्कूटरवर मतदानाला जातो. यांना पटंना! म्हणाले, दाखव."

मग त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो त्यांना सांगायला लागला, की एकदा निवडणुकीच्या वेळी मला टायफॉईड झाला होता, तेव्हा तोही मत टाकायला गेला नाही. मित्र अंथरुणात असताना आपलं मत टाकणं ही लबाडी झाली असती.

मला हे माहीतच नव्हतं! तेव्हा मला म्हणाला होता, ड्युटी लागली. डाव्या हाताचं बोट मी गुपचूप मांडीखाली सरकवलं.

टोपीवाले आजोबा पुढे वाकले आणि मोठ्या आदराने म्हणाले, "सर, हाऊ डू यू डू इट?"

आता काय बोलणार? मी सदऱ्याची कॉलर नीट केली आणि म्हणालो, "वी लिसन, सर. वी ऑलवेज लिसन टू ईच अदर."

स्वयंपाकघरात मंगलच्या हातातलं झाकण खणकन पडलं.

ते दोघे म्हातारे मात्र टाळ्या वाजवायला लागले. चष्मेवाल्याने डोळे पुसले, टोपीवाल्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. इकडे मी मान लववून सत्कार स्वीकारतोय!

टाळ्यांच्या आवाजात अशोक फोनजवळ आला आणि हळूच मराठीत म्हणाला, "मधू, बोट लपवू नको, शाई कधीच दिसली मला. आणि आता तेवढं अनब्लॉक कर बाबा. पोरीचा फोन हाय हा, तिला बी लागतो."

मी घाईघाईने "करतो, करतो" म्हटलं, फोन ठेवला आणि तासभर ती स्क्रीन वरखाली करत बसलो. ब्लॉक करायला मला कुणीही शिकवलं नव्हतं. अनब्लॉक कुठून करतात, ते शेवटी मंगलला विचारावं लागलं.