अक्काला सलग बघायचं होतं

अक्काच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, म्हणून आज सगळ्या प्रकरणांच्या फाइली एकत्र जोडणारी मास्टर फाईल उघडली. पडद्यावर फक्त प्रकरणांची निळी नावं आली. बटण दाबताच सगळी प्रकरणं क्षणात जोडली गेली.

पहिल्या आवृत्तीच्या आधी, कोल्हापूरच्या घरी त्या दुपारी तसं झालं नव्हतं. कुरुंदवाडच्या घाटाबद्दल अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, लिहिलेलं मी प्रकरणागणिक वेगळ्या फाइलींत टाईप केलं होतं. आजारी असलेल्या तिला ते एकदा सलग बघायचं होतं.

"माझं लिवलेलं कुठं हाय? नुसती नावंच की."

"आत हाय, अक्का. जोडाय लागतंय."

जुना संगणक एकेक प्रकरण जोडत बसला. तेवढ्यात दवाखान्याची गाडी आली.

"ऱ्हाऊ दे. आल्यावर बघतो की," ती म्हणाली.

गाडी गेल्यावर पुस्तक सलग झालं. मी संगणक चालूच ठेवला. अक्का परत आली नाही.