शून्य खर्चाचा हिशोब

भूमला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. आमच्याकडं निवडणुकीचा निकाल लागला, गुलाल धुतला, की महिन्याभरात हरलेल्या-जिंकलेल्या सगळ्यांना खर्चाचा हिशोब द्यावा लागतो. खर्च शून्य असला तरी शून्य लिहून द्यावं लागतं. हा नियम मला पाठ आहे. तरी त्याबाबत एकदा खोटं बोललो, आणि पाच वर्षं ते कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी माझा मावसभाऊ सरपंचपदाला उभा होता. प्रचाराच्या ऐन आठवड्यात त्याला नवसाची कंदुरी आठवली. मळ्यात बोकडं पडली, अख्खं गाव रस्सा ओरपून गेलं. नवस मुलाच्या नोकरीचा होता म्हणे. मुलगा तेव्हा नववीत होता. कंदुरी म्हणजे देवाचं काम, निवडणूक खर्चात कशी धरणार? मी त्याच्या हिशोबात चहा आणि हँडबिलं लिहिली. मंडपवाल्याकडून कोऱ्या पावत्या आणून त्याही भरल्या. असलं लिहिताना हात थांबत नाही याचाच वैताग येतो.

ते लिहीत असतानाच त्याच्याविरुद्ध पडलेली बाई दुकानात आली. ईट गावाकडच्या एसटीनं आली होती. ब्लाऊज शिवणारी, एकटीच उभी राहिलेली. तिनं शाळेची वही पुढं ठेवली. त्यात झेरॉक्स, दोन वेळचं रिक्षाभाडं, तीन कप चहा. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. एका चहाची चिठ्ठी मिळाली नव्हती, तर तिथं चहावाल्याचा अंगठा घेतला होता.

मला राग आला. कुणाचा म्हणून सांगू? माझ्या हाताखाली कोऱ्या पावत्या, आणि ही बाई चहाला अंगठा घेऊन आलेली. वही मिटून तिच्याकडं सरकवली आणि म्हणालो, "हरलेल्याला कोण विचारतंय ताई? एवढ्याशा खर्चाचा हिशोब देत नसतात. जावा घरी."

ती गेली. पुढं तिला नोटीस आली, ती घेऊन ती परत दुकानात आली. मी म्हटलं, सगळ्यांनाच येते. मग आदेश आला: हिशोब दिला नाही, सबब पाच वर्षं निवडणूक लढवण्यास अपात्र. मावसभाऊ सरपंच म्हणून मिरवत राहिला. त्याचा हिशोब वेळेत होता ना.

यंदा पुन्हा निवडणुकीचे फॉर्म सुटले. ती आली, तीच वही घेऊन. तिची पाच वर्षं भरायला चार महिने कमी होते. निवडणूक त्याआधीच उरकणार. मी तसं सांगितल्यावर ती बाकावर बसली.

"माझीच चूक," ती म्हणाली. "आपुन अडाणी, कायदा कळत न्हाय. अन् तुम्हाला तरी काय म्हाईत असणार, भाऊ?"

हे तिनं म्हणायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प राहिलो असतो. गप्प राहणं मला जमतं.

"माहीत होतं, ताई," मी म्हणालो. "तुम्ही आलात त्या दिवशी पण माहीत होतं."

ती म्हणाली, "का वो?"

मी कंदुरीचं, पावत्यांचं, वहीचं सगळं सांगितलं. अपात्रता कमी करून मिळावी म्हणून अर्ज करता येतो, मंजूर होईल याची खात्री नाही, हेही सांगितलं.

"मग आत्ता बोललात ते सगळं त्यात लिहा," ती म्हणाली. "पावत्यांचं पण. खाली सही तुमची."

मावसभावाचा चेहरा डोळ्यांपुढं आला. नुसतं माझ्या सल्ल्यापुरतं लिहितो म्हणून बघितलं, ती ऐकेना. शेवटी टाईप केलं, सही केली. पैसे नको म्हणालो, तर तिनं वीस रुपये टेबलावर ठेवले आणि वही उघडून पेन काढलं.

"पावती द्या," ती म्हणाली. "खरी."