वर्षाच्या आढाव्यातली एक ओळ

आमच्या ह्यांचं नाव हरिश्चंद्र, पण सगळी रत्नागिरी त्यांना आप्पा म्हणायची. कचेरीत कारकून होते. जीव मात्र पुस्तकांत. इथल्या एका साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात दर वर्षी ते आढावा लिहायचे: जिल्ह्यात कोणती पुस्तकं निघाली, मालगुंडला कविसंमेलन कसं झालं, खेडला कोणाचा सत्कार झाला. सगळीकडे एसटीने स्वतः जायचे. कोणी आजोबांच्या आरत्या छापल्या तरी शेवटच्या पानापर्यंत वाचून मगच लिहायचे, आणि लिहायचे ते गोडच. मी म्हणायची, "एकदा तरी खरं लिवा हो." नुसते हसायचे.

त्र्याऐंशी साली ह्यांचाच कथासंग्रह निघाला, 'उकडा तांदूळ'. जन्मात पहिल्यांदा मी एखादं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. नवरा म्हणून सांगत नाही, चांगलं होतं. माझ्या सासूचं आजारपण त्यात असं उतरलंय की मी चुलीवरचं कालवण विसरून रडत बसले.

आता आपल्याच पुस्तकावर आपण कसं लिहायचं? म्हणून त्या वर्षीचा आढावा त्यांनी सखाराम मास्तरांकडे सोपवला. मास्तर कवी. त्यांच्या दोन्ही संग्रहांना ह्यांनी भरभरून जागा दिली होती. ह्यांची मागणी काही मोठी नव्हती. "एक ओळ आली तरी पुरे गो," म्हणाले, आणि लहान पोरासारखी दिवाळीची वाट बघत बसले.

अंक आला. त्यात माशांच्या कालवणांची पुस्तिका होती, एका सरपंचाच्या बापाचं चरित्र होतं, पंचांगसुद्धा होतं. 'उकडा तांदूळ' नव्हतं. ह्यांनी पानं पुन्हा पुन्हा उलटली, मग चष्मा काढून ठेवला.

मास्तर फराळाला आले तेव्हा मला राहवेना. विचारलंच.

"अहो वयनी, आप्पा आपले घरचे! घरच्या माणसाचं काय छापायचं? लोक हसतील नाय?"

"वाचलंत तरी का?"

"वाचायचंय ना. सवडीनं वाचणार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोरची बशी उचलूनच नेणार होते, तर हेच म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मास्तरांना आणखी एक करंजी वाढ." मी वाढली. त्या करंजीचा राग अजून माझ्या पोटात आहे.

पुढच्या वर्षी साप्ताहिकवाले घरी आले, आढावा पुन्हा तुम्हीच लिहा म्हणून. ह्यांनी डोळ्यांचं कारण सांगितलं. डोळे ठणठणीत होते. तांदळातला खडा माझ्या आधी टिपायचे. पण त्यानंतर ना आढावा, ना गोष्ट. गावाला वाटलं, आप्पा थकले. मीही कोणाला काही सांगितलं नाही.

अठ्ठ्याऐंशी साली हे गेले. वाचनालयात शोकसभा झाली. सखाराम मास्तर बराच वेळ बोलले, डोळेही पुसले. म्हणाले, आप्पांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्याच पुस्तकांचं कौतुक केलं, स्वतः एखादं पुस्तक लिहायला हवं होतं.