तेरा जणांतलं सातवं नाव

भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये क्वार्टर ज्याच्या नोकरीचं, दारावरची पाटी त्याच्या नावाची. आमच्या ओळीत दोनच घरं उलटी होती. शशिकलाकाकू कारखान्याच्या शाळेत शिक्षिका, माझी आई कमल दवाखान्यात नर्स, आणि दोघींचे नवरे शहरातल्या एका हिंदी दैनिकात. नरहरकाका देवपुजारी तिथे प्रूफरीडर, माझे वडील मधुकर उपसंपादक. बायकोच्या क्वार्टरमध्ये राहणारे म्हणून दोघांना सगळे चिडवत, आणि दोघं एकाच बसने, एकाच बाकावर बसून जात. दोघंही नागपूरचे. वडिलांना त्या पेपरात चिकटवलं तेही काकांनीच.

काका हातात आलेला कुठलाही कागद वाचल्याशिवाय सोडत नसत. लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, माझं प्रगतिपुस्तक. वाचून झालं की कानावरची पेन्सिल काढून उजव्या कोपऱ्यात 'न. दे.' लिहायचं. प्रेसमध्ये या दोन अक्षरांशिवाय पान मशीनवर चढत नसे, आणि तीच खोड त्यांनी घरी आणली होती. "एक दिवस माझ्या कपाळावर सही करतील," काकू म्हणायच्या.

पेपरचे मालक मंत्र्यांच्या उठण्याबसण्यातले. निवडणूक आली की अग्रलेख मंत्र्यांच्या बंगल्यावरून लिहून यायचा. हा पेपर म्हणजे एक परिवार आहे, असं ते दर दिवाळीला सांगत, आणि परिवारात नेमणुकीचा कागद कशाला, असंही. म्हणून अठरा वर्षं काम करूनही काकांकडे आपण तिथले आहोत हे दाखवणारं चिटोरंसुद्धा नव्हतं. कुणाकडेच नव्हतं. १९७८ मध्ये गोविंद नावाचा कंपोझिटर कावीळ बरी करून परत आला, तेव्हा त्याला फाटकावरच सांगितलं गेलं की तू इथे कधी नव्हतासच.

काका चिडले. एरवी मुंगीला वाट देणारा हा माणूस युनियन काढायला निघाला. मागणी एकच, सगळ्यांना नेमणूकपत्र. "नरहरराव, तुम्ही व्हा पुढे, मी आहे ना मागे," असं म्हणणारे माझे वडीलच होते. अर्जावर तेरा सह्या आमच्याच जेवणाच्या टेबलावर झाल्या. आईने सगळ्यांना पोहे केले. पहिली सही काकांची, दुसरी वडिलांची. अर्ज श्रम कार्यालयात गेला. तेरातले सहा फुटले तरी चालणार होतं, सातवा फुटला की निम्म्याहून जास्त गेले म्हणून अर्ज बाद.

पुढचं मला रमेशजींनी सांगितलं. ते काकांचे जोडीदार. मूळ प्रत मोठ्याने वाचायची त्यांनी, प्रूफवर डोळा ठेवायचा काकांनी. ऑक्टोबरची तेरा तारीख, दुपारची वेळ. प्रूफच्या गठ्ठ्यात एक जाहीर निवेदन आलं, हाताने लिहिलेली मूळ प्रत टाचणीने लावलेली. रमेशजींनी पहिली ओळ वाचली: हम सब एक परिवार हैं, बहकावे में आकर हमने हस्ताक्षर किए थे. मग नावं. एक, दोन, तीन. सहा नावं झाली आणि ते थांबले.

"पढ़ो," काका म्हणाले.

"देवपुजारीजी, आप खुद देख लीजिए."

काकांनी प्रत ओढून घेतली. सातवं नाव माझ्या वडिलांचं होतं. पण काकांचे डोळे त्या नावावर थांबले नाहीत, ते परत वर गेले, अक्षरावर. अकरा वर्षं ते ज्या अक्षरातल्या बातम्या तपासत आले होते, त्याच अक्षरात निवेदन होतं. वडील नुसते फुटले नव्हते. इतरांना फोडणारा मजकूर त्यांनीच लिहिला होता.

रमेशजी म्हणाले, सही करू नका, पान अडून राहू द्या. काकांनी पेन्सिल उचलली. दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या आणि कोपऱ्यात 'न. दे.' लिहिलं. "पेपर में गलती नहीं जाएगी," एवढंच बोलले. चौदा तारखेला निवेदन छापून आलं. पंधराला फाटकावरच्या माणसाने काकांना सांगितलं की रजिस्टरात तुमचं नाव नाही.

वडील आम्हाला म्हणाले, सगळ्यांनीच सही केली, मी एकटा काय करणार? मी विश्वास ठेवला. बापावर ठेवतातच.

त्याच आठवड्यात मला सरकारी खात्यात नोकरी लागली. ना परीक्षा, ना मुलाखत. वडिलांनी अर्ज मागवला होता, एवढंच मला ठाऊक. मी पेढे घेऊन काकांकडे गेले, अक्कल गहाण ठेवल्यासारखी. काकांनी पेढा घेऊन ताटलीत ठेवला आणि म्हणाले, "कागद दाखव, प्रतिभा."

ते नेमणूकपत्र त्यांनी सावकाश वाचलं. तारखेपाशी त्यांचं बोट थांबलं. अकरा ऑक्टोबर. निवेदन छापून आलं त्याच्या तीन दिवस आधीची. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पेन्सिल काढली आणि कोपऱ्यात 'न. दे.' लिहिलं. मी हसले. काकू हसल्या नाहीत. पेढा ताटलीत तसाच राहिला.

काका त्यानंतर बारा वर्षं जगले, शिकवणीतल्या मुलांच्या वह्या तपासत. आमच्या दारावरून ते रोज जायचे, पण वडिलांशी एक शब्द बोलले नाहीत. काकांच्या तेराव्याला रमेशजींनी मला हे सगळं सांगितलं. घरी येऊन मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "तुझ्यासाठीच केलं ना." मला त्यांची किळस आली. पण नोकरी मी सोडली नाही, हेही लिहून ठेवते. एकतीस वर्षं केली.

निवृत्तीच्या वेळी मूळ नेमणूकपत्र जमा करायचं होतं. बाबूने कागद उजेडात धरला, कोपऱ्यातल्या पेन्सिलच्या खुणेवर बोट ठेवलं आणि खोडरबर घेतलं.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "रहने दीजिए. उन्होंने पढ़कर हस्ताक्षर किए हैं."