पिवळ्या पाटीवरचं कुंकू

मी नेवाशाजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि इंजिनिअरिंगची पदवी घेऊन घरी आलो त्या दिवसापासून ताठ मानेनं चालतो. त्याची मला आजही लाज वाटत नाही. वडील टेम्पोवर ड्रायव्हर, आई त्यांच्याबरोबर हमालीला सुद्धा जायची. त्या दोघांनी मला शिकवलं आणि मीही शिकलो. पण शिकता शिकता एक झालं. ज्या गोष्टीचं कारण सांगता येत नाही, ती मी मनातून काढून टाकत गेलो. नेवाशाच्या मोहिनीराजाच्या देवळात जायचो, हात जोडायचो, पण ते आईला बरं वाटावं म्हणून. आतून कोरडाच असायचो.

नोकरीसाठी ओमानला गेलो. बायको आणि मुलगी मागून आल्या. तिथं मी मशीन दुरुस्तीचं काम करतो, रोज वेगळ्या गावी, त्यामुळे गाडी चालवणं म्हणजेच नोकरी. लायसन्सची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालो, हेही मी चारचौघांत सांगत असे. तिथल्या पोलिसांशी कसं वागायचं हे मात्र कुठल्या परीक्षेत नव्हतं. ते मी वडिलांकडून शिकलो होतो. ते म्हणायचे, "पोलिसानं हात केला की गाडीत बसून न्हाई ऱ्हायचं. कागद घ्यायचं, खाली उतरायचं, आपन त्याच्याकडं जायचं. बसून ऱ्हायलं की त्याला माज वाटतो." पहिल्यांदा मला वेगासाठी थांबवलं तेव्हा मी तसाच उतरलो आणि कागद छातीशी धरून पोलिसांच्या गाडीकडे चालू लागलो. ते भोंग्यावरून ओरडायला लागले, आत बसा, आत बसा! मला वाटलं उशीर झाला म्हणून चिडले, म्हणून मी पळतच गेलो. त्या दिवशी दंड झाला, लायसन्सवर काळे पॉइंट लागले आणि वर रस्त्यावर उतरू नका म्हणून बोलणीही खाल्ली. माझं लायसन्स पहिल्या वर्षाचं, कच्चं; आणखी पॉइंट लागले तर रद्द होणारं. साहेबांनी कंपनीत बोलावून स्पष्ट सांगितलं, "आणखी एकदा असं झालं आणि लायसन्स गेलं, तर आम्हाला तुमचा उपयोग नाही." तेव्हापासून रस्त्यात पोलीस दिसला की मी आधी वेगाचा काटा बघायचो.

त्याच सुमारास आई महिनाभर आमच्याकडे राहायला आली. पहिलंच विमान. पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि मोहिनीराजाच्या देवळातलं कुंकू. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांनी सूर नावाच्या बंदराच्या गावी समुद्र बघायला जायचं ठरलं. रस्ता लांबचा. सकाळी मी सामान गाडीत टाकत होतो तर आई पुढे बसकण मारून गाडीची पूजा करत होती. माझी गाडी जुनी घेतलेली, पण आईच्या लेखी नवीच. तिकडे खासगी गाडीच्या नंबराची पाटी पिवळी असते. बायको नंतर सांगत होती की आई ती पाटी बघून खूश झाली आणि म्हणाली, "हळद तर ह्यांनी आधीच लावून ठिवलीय, आता नुसतं कुंकू ऱ्हायलं." मी तिकडे बघितलंही नाही. "आई, आटप," म्हणालो, नेहमीप्रमाणे टायरला बुटाची एकेक लाथ मारली, हवा ठीक वाटली, आणि निघालो.

तासाभरानं मोठ्या रस्त्यावर पोलिसानं हात केला. माझा वेग बरोबर होता, पट्टा लावलेला होता. तिकडच्या रीतीनं गाडी उजवीकडे कडेला घेतली आणि या वेळी मात्र आत बसून राहिलो. पोलीस वयानं माझ्याएवढाच, तिकडच्या बऱ्याच लोकांसारखा हिंदी बोलणारा. आधी गाडीच्या पुढे जाऊन आला, मग खिडकीशी येऊन म्हणाला, "भाई, तुम्हारा नंबर किधर है?"

मला कळेना. त्यानं बोलावलं म्हणून उतरून पुढे गेलो. पाटीवर कुंकवाची पाच बोटं ओढलेली आणि त्यावर दोऱ्यानं बांधलेली झेंडूची माळ. एकही आकडा दिसत नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे साहेबांचा चेहरा आला, मुलीची शाळा आली, परतीचं तिकीट आलं. आणि मग मी जे बोललो ते लिहिताना आजही हात थांबतो. मी म्हणालो, "साहब, माँ ने किया है. अनपढ़ है. मैं तो ये सब मानता नहीं." काच खाली होती. आईनं ते ऐकलं आणि समोर बघत राहिली. जिनं पाठीवर कांद्याच्या गोण्या वाहून मला शिकवलं, तिला मी एका परक्या माणसापुढे ढाल म्हणून पुढे केलं होतं.

आकडे वाचायला पोलीस पाटीसमोर उकिडवा बसला आणि बोटानं माळ बाजूला केली. मग तसाच बसून राहिला. कडेला घेताना माझी चाकं उजवीकडे वळलेली राहिली होती, त्यामुळे पुढच्या उजव्या टायरची आतली बाजू त्याच्या नजरेसमोर आली होती. त्यानं मला खुणेनं खाली बसवलं. टायरला आतल्या अंगानं मुठीएवढा फुगा आला होता. उभ्यानं तो कधीच दिसला नसता. तो हळूच म्हणाला, "एक सौ बीस पे ये फटता, तो गाडी में कौन कौन है, गिन लो." मी मागे वळून पाहिलं. बायको, मुलगी, आई. मोजायला वेळ लागला नाही.

त्यानं आपली गाडी आमच्या मागे लावली, दिवे चालू ठेवले आणि मला स्टेपनी चढवायला लावली. मी इंजिनिअर, पण नजर सारखी त्या फुग्याकडे जात होती आणि पान्हा नटावर बसेना. शेवटी तो पोलीसच बाह्या सरसावून खाली बसला. तेवढ्यात आई उतरली, पदर पसरून म्हणाली, "नट हिकडं टाका. मातीत हरवत्यात. ह्याच्या बापाच्या टेम्पोचं लई येळा धरलेत मी." त्याला मराठी कळलं नाही, पण त्यानं एकेक नट तिच्या पदरात टाकला. काम झाल्यावर तिनं त्याच पदरानं पाटी पुसली. मी लायसन्स पुढे केलं. त्यानं ते हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं, तसंच परत दिलं आणि म्हणाला, "अम्मा का ध्यान रखो." पॉइंट नाही, दंड नाही. नावही विचारायचं राहून गेलं.

पुन्हा रस्त्याला लागलो. मग आईच म्हणाली, "अनपढ म्हंजे काय ते मला कळतं, बरं का. टीव्हीवर बघते मी." मी गाडी कडेला घेतली आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "आरं, ऊठ, पुन्हा पोलीस यील." आम्ही सगळे हसलो आणि मी रडलोही. मी विचारलं, "आई, हे मोहिनीराजानं केलं का गं?" ती म्हणाली, "मला काय ठावं? मी कुंकू लावलं. वाकून बघितलं ते त्या लेकरानं."

हे सगळं योगायोगानं घडलं असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. माझ्या शिक्षणाचा मला अभिमान आहे आणि तो राहील. पण त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की माझा संसार माझ्या हुशारीवर चालला आहे. तो त्या सकाळी एका फुगलेल्या टायरवर चालला होता आणि मला पत्ताही नव्हता. ज्या कुंकवामुळे सगळं जाणार म्हणून मी घाबरलो, त्यापायीच आम्ही थांबलो. काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, हे ओळखून उरलेलं देवावर सोडून द्यावं, एवढं मला कळलं. आता गाडी काढण्याआधी मी चारी टायरपाशी खाली बसतो, आतून हात फिरवतो. तोच माझा नमस्कार.

यंदा सुट्टीवर आलो तेव्हा नेवाशाला मोहिनीराजाच्या पायाशी बराच वेळ बसलो. या वेळी आईनं सांगितलं म्हणून गेलो नव्हतो. निघताना कुंकवाची पुडी मी स्वतः मागून घेतली. आईनं ती माझ्या खिशात नीट खाली सरकवली आणि म्हणाली, "लाव रोज. पर पाटी सोडून."