अर्ध्या दिवसाची होडी

मला बाबांना एक गोष्ट सांगायची होती, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना मेडनहेडहून थेट थायलंडला घेऊन गेले. "थेम्स घरापासून दहा मिनिटांवर आहे. बोटी तिथेही असतात," नवरा म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. पण ऑफिसात मॅनेजरलाही तोंडावर सुनावणारी मी, वडिलांपुढे दोन महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. घरात आई होती, टीव्ही होता, कुकरच्या शिट्ट्या होत्या. न बोलायला एवढी कारणं पुरेशी असतात.

गोष्ट एका वाक्याची होती. मी ब्रिटिश नागरिक झाले होते.

पुण्याहून सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर इंग्लंडला निघाले तेव्हा "पाच वर्षं, मग परत" असं ठरलं होतं. मी ते बोलण्याच्या भरात म्हटलं होतं, बाबांनी मात्र पक्कं धरलं. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला माणूस. एकदा कागदावर आलं की त्यांच्या लेखी ते झालंच. आमच्या शेजारचा फ्लॅट विकायला निघाला तेव्हा त्यांनी तो माझ्यासाठी घेऊन ठेवला. दर रविवारी सकाळी ते तिथे जायचे, खिडक्या उघडायचे, सगळे नळ पाच-पाच मिनिटं सोडायचे, पंखे फिरवायचे आणि कुलूप लावून परत यायचे. "मधल्या भिंतीतून दार काढायचंय, मिस्त्रीशी बोलून ठेवलंय. तू आलीस की फोडू," हे मी फोनवर किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही.

पाचाची सहा वर्षं झाली. दोन हजार सात साली आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि नेमकी त्याच सप्टेंबरात माझी सिटिझनशिप सेरेमनी ठरली. नवरा माझ्यानंतर आलेला, त्याचा अर्ज अजून वर्षभर लांब होता. तो म्हणाला, "रजा घेऊ का?" मी खेकसले, "काही नको, फॉर्मॅलिटी आहे नुसती." मंगळवारी सकाळी आईला "मीटिंग आहे" सांगून बाहेर पडले. कौन्सिलच्या इमारतीत गळ्यात जाड साखळी घातलेल्या मेयरबाईंसमोर शपथ घेतली, सर्टिफिकेट आणि भेट मिळालेला कॉफीचा मग घेतला, आणि दुपारी ऑफिसात जाऊन बग रिपोर्ट लिहिले. तो कॉफीचा मग तिथल्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

मला बाबांच्या रागाची भीती नव्हती. ते रागावले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण ते नुसतं "बरं" म्हणाले असते तर? त्या "बरं"चं मी काय केलं असतं?

नोव्हेंबरातलं त्यांचं परतीचं तिकीट मी मुद्दाम, वाट वाकडी करून, बँकॉकवरून काढलं. मी म्हटलं, मीही बँकॉकपर्यंत येते, चार दिवस समुद्र बघू, मग तुम्ही मुंबईला जा, मी लंडनला. विमानात एअर होस्टेसनं अरायव्हल कार्डं वाटली. आमच्या घरात कुठलाही फॉर्म बाबा भरतात, बँकेचा असो की रेशनचा. त्यांनी पेन काढलं आणि सवयीनं हात पुढे केला, "आणा तिघांचे पासपोर्ट." माझ्या बॅगेत मरून रंगाचा कोरा ब्रिटिश पासपोर्ट होता. "माझं मी भरते," मी जरा जास्तच जोरात म्हणाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आई-बाबांची दोन कार्डं सुवाच्य अक्षरात भरली आणि पेन माझ्या हातात दिलं.

टूर अर्ध्या दिवसाची घेतली ती आईमुळे. तिचे गुडघे दुखायचे, आणि पूर्ण दिवसाच्या टूरमध्ये चार वाजता चहा मिळणार नाही अशी तिची खात्री होती. सकाळी आठला धक्क्यावरून मोठी होडी निघाली. आम्ही तिघं, काही जर्मन जोडपी आणि एक हसरा गाइड. आईनं साडीवर मेडनहेडला घेतलेले पांढरे स्पोर्ट्स शूज घातले होते, वर नारिंगी लाइफ जॅकेट, आणि मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. टूरमध्ये खाणं दिलं होतं, तरी डबा होता. पहिली पुरी गाइडनं खाल्ली, दुसरी मागून घेतली. तेव्हापासून तो आईला "ममा" आणि बाबांना "पापा" म्हणायला लागला.

पाऊण तासानं डोंगर दिसायला लागले. हिरव्या पाण्यातून सरळ उभे वर आलेले, अंगावर झाडी, खाली पाण्यापाशी आत खाल्लेले. दाढेला कीड लागते तसे. आई हात जोडून बसली. तिला मोठं काही दिसलं की ती हात जोडते. बाबा मात्र खात्यात परत रुजू झाले. "तो काळा पट्टा बघ. तिथपर्यंत पाणी चढतं. चुनखडी आहे, पाणी रोज थोडी थोडी विरघळवतं," ते म्हणाले. मग गाइडला इंग्रजीतून विचारलं, भरती किती वाजता, किती फूट. गाइडनं बोटांनी सांगितलं. बाबांनी मान डोलावली, म्हणजे हिशेब जुळला.

एका डोंगरापाशी मोठी होडी थांबली. डोंगराच्या पोटात डोह आहे, गाइड म्हणाला, चारी बाजूंनी कडे आणि वर आभाळ. आत जायला एकच बुटकी गुहा. भरती चढायच्या आत जायचं आणि वीस मिनिटांत बाहेर, नाही तर गुहा पाण्यानं बंद. रबरी छोट्या होड्या सोडल्या, एकेकीत दोन माणसं आणि एक वल्हवणारा. आईनं होडीकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या. मी डबा सांभाळते."

मी वाट बघत होते तीच वेळ आली होती. वल्हवणाऱ्याला मराठी येत नव्हतं, आई नव्हती, टीव्ही नव्हता. मी पुढे न बसता मागे बसले, बाबा माझ्या पुढ्यात. गुहेच्या तोंडाशी वल्हवणारा ओरडला, "पापा, लाय डाउन! नो हेड अप!" बाबा आडवे झाले. जागा एवढीशी, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर आलं. मीही मागे रेलून आडवी झाले. छप्पर नाकापासून वितीवर होतं आणि त्यावरून पाणी ठिबकत होतं. वटवाघळांचा वास येत होता. आमच्या घरात वडील-मुलगी असे जवळ येत नाहीत. लग्नात पाठवणीच्या वेळीसुद्धा बाबांनी नुसता खांद्यावर हात ठेवला होता. त्यांचे केस पातळ झालेत हे मला त्या अंधारात हाताला कळलं. मी हात काढला नाही.

मग एकदम उजेड आला. आम्ही डोंगराच्या आत होतो. चारी बाजूंना कडे, मध्ये शांत पाणी, कडेला कांदळवनाची मुळं, आणि चिखलात उड्या मारणारे चिमुकले मासे. वल्हवणाऱ्यानं वल्हं आडवं ठेवलं. बाबा उठून बसले.

"बाबा," मी म्हणाले, "मला तुम्हाला कधीपासून सांगायचंय, म्हणजे तसं फार काही नाही, पण तिकडचे रूल्स असे आहेत की आता..."

"नमनाला घडाभर तेल नको," ते डोहाकडे बघत म्हणाले. "सिटिझन झालीस ते ना? माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कौन्सिलचं पत्र आलं होतं. मी उघडलं."

आमच्याकडे पत्र ज्याच्या नावाचं असेल त्याचं नसतं, घराचं असतं. लहानपणापासून दाराशी आलेलं प्रत्येक पाकीट बाबांनीच फोडलं. माझ्या कॉलेजचे निकालही माझ्याआधी त्यांनी वाचले. मेडनहेडच्या दारात पडलेलं पाकीट त्यांनी तसंच फोडलं, वाचलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की लेकीनं हे आपल्याला सांगितलेलं नाही. घरात डिंक सापडेना, म्हणून भाताच्या शितांनी ते परत चिकटवलं आणि दारात होतं तसं ठेवून दिलं. आता मला आठवलं, पाकिटाच्या कडेला वाळकं शीत होतं. ओट्यावरचं असेल म्हणून मी ते नखानं काढून टाकलं होतं.

"मी आलो होतो त्या दिवशी," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"तिथेच. आईला म्हटलं, फिरून येतो. समोरच्या बसस्टॉपवर बसलो होतो. पत्रात लिहिलं होतं, दोन पाहुणे आणता येतील. म्हणून म्हटलं बघू, कोणाला आणते. सगळे बाहेर आले. एक आफ्रिकन कुटुंब होतं, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत, सगळे नटूनथटून. फोटो काढत होते. प्रत्येकाबरोबर कुणी ना कुणी होतं ग. तू एकटीच आलीस. बाकावर बसून सँडविच खाल्लंस. मी रस्ता ओलांडायला उठलोही होतो. मग म्हटलं, नको, हिनं आपल्याला बोलावलेलं नाही."

मला सगळ्या गोष्टींची तयारी होती, याची नव्हती. मी घरून निघताना वादाचे मुद्दे सुद्धा पाठ केले होते, व्हिसाच्या लायनी, नोकरी, सगळे. त्यातला एकही कामाचा नव्हता. दोन पाहुणे चालतात हे मलाही माहीत होतं. घरात नेमके दोनच होते.

"मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल," मी म्हणाले.

"वाटलंच. का नाही वाटणार? पण ते वाटलं असतं आणि मी तिथे टाळ्याही वाजवल्या असत्या. माणसाला दोन्ही जमतं." मग जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसे म्हणाले, "तो शेजारचा फ्लॅट भाड्यानं देईन म्हणतो. एक नवं जोडपं विचारून गेलंय. बंद घर लवकर म्हातारं होतं. आणि भिंत आता फोडत नाही."

मी त्यांच्या पाठीला डोकं टेकलं आणि रडले. लाइफ जॅकेट टणक होतं, कपाळाला टोचत होतं. वल्हवणाऱ्यानं शहाण्यासारखं दुसरीकडे बघितलं. कड्यावरून एक माकड आमच्याकडे बघत होतं, बाबांनी ते मला दाखवलं, मी लहान असताना दाखवायचे तसं, बोट लांब करून. मग कड्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "अर्धा फूट चढलं पाणी. चला, निघायला हवं." परतताना गुहेत छप्पर आणखी खाली आलं होतं. या वेळी मी त्यांच्या कपाळावर हात आडवा धरला, दगड लागू नये म्हणून.

मोठ्या होडीवर गाइड अननस कापून देत होता. बाबांनी एक फोड घेतली आणि आईला सरळच सांगितलं, "ऐकलंस का, पोरगी तिकडची सिटिझन झाली."

आईचा हात डब्यावरच राहिला. "कधी?"

"सप्टेंबरात," मी म्हणाले. "मीटिंग आहे म्हणून सांगून गेले होते, त्या मंगळवारी."

"आणि तुम्हाला माहीत होतं, अहो?" बाबांनी अननसाकडे बघत मान हलवली. आई माझ्याकडे वळली. "त्या मंगळवारी मी दुधीची भाजी केली होती. दुधी! एवढं मोठं काहीतरी करून आलीस आणि मुकाट्यानं दुधी खाल्लास? वाटीभर शिरा नसता का केला मी?" तिनं पदरानं डोळे पुसले. मग एकदम ताठ होऊन म्हणाली, "आणि नमस्कार? कुणाला केलास नमस्कार?"

"कुणाला करणार? तिथे मेयर होती."

"मग कर आता."

"आई, होडी हलतेय."

"हलू दे."

जर्मन मंडळी अननस खाता खाता थांबली. मी लाइफ जॅकेटसकट वाकले. ते पोटात रुतत होतं आणि हात खालपर्यंत पोचत नव्हता, म्हणून शेवटी मी होडीत गुडघेच टेकले. आईच्या पांढऱ्या बुटांना हात लावला. ती काहीतरी पुटपुटली, मला ऐकू आलं नाही, पण तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग बाबांच्या पायांना हात लावला. माझं लग्न झाल्यापासून, प्रत्येक विमानतळावर, प्रत्येक फोनच्या शेवटी, बाबांचा आशीर्वाद एकच होता, "लवकर परत या." दुसरं काही त्यांना येतच नाही असं मी नवऱ्याजवळ चिडूनसुद्धा बोलले होते. त्यांचा अननसानं चिकट झालेला हात माझ्या डोक्यावर बराच वेळ राहिला.

"आहेस तिथे सुखी राहा," ते म्हणाले.

हेच त्यांनी म्हणावं म्हणून मी इतक्या लांब आले होते. आणि ते ऐकल्यावर, त्या होडीच्या ओल्या फळ्यांवर गुडघे टेकून, मला त्यांचं ते जुनंच "लवकर परत या" हवं होतं.